सायकलचा स्वस्त दिवा घेताना: उजेडाचा हिशेब आणि आतल्या सेलची पारख

सायकलच्या दिव्याच्या खोक्यावर तीन आकडे ठळक अक्षरांत छापलेले आहेत असे समजू: २००० लुमेन (उजेडाचे माप), १० तास (चालण्याचा वेळ) आणि १२०० एमएएच (बॅटरीची क्षमता). अशी खोकी ऑनलाइन बाजारात सर्रास दिसतात आणि किंमत आवाक्यात असल्यामुळे पटकन विकलीही जातात. हे तीन आकडे एकाच वस्तूबद्दल एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, आणि ते ओळखायला शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही. हा हिशेब मी सर्वांत आधी मांडतो आहे, कारण उजेडाबद्दल खोटे छापणाऱ्याने आतल्या बॅटरीबाबत काळजी घेतली असेल, असे मानायला काही आधार उरत नाही. उजेड सांगितल्यापेक्षा कमी निघाला तर पैसे वाया जातात; बॅटरी निकृष्ट निघाली तर घरात आग लागू शकते.

हिशेब असा. एमएएच हा आकडा बॅटरीत किती विद्युतभार मावतो ते सांगतो. त्याला बॅटरीच्या व्होल्टेजने गुणून १००० ने भागले की तिच्यात किती ऊर्जा साठते ते वॉट-तासांत कळते. लिथियम-आयन सेलचे सरासरी व्होल्टेज ३.७ धरतात, म्हणून १२०० एमएएचच्या सेलमध्ये साधारण ४.४ वॉट-तास ऊर्जा असते. बाजारातला साधा एलईडी दिवा सगळी गळती धरून एका वॉटमागे ढोबळमानाने १०० लुमेन उजेड देतो. म्हणजे २००० लुमेनसाठी २० वॉट लागतील आणि तो उजेड १० तास टिकवायचा तर २०० वॉट-तास ऊर्जा हवी. सेलमध्ये आहे तिच्या जवळजवळ पंचेचाळीस पट. शिवाय २० वॉट वीज अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत जळू लागली, तर ती डबी काही मिनिटांत हातात धरवणार नाही इतकी तापेल. याच सूत्राने उलट गेले की खरे चित्र दिसते: ४.४ वॉट-तासांच्या सेलवर ४०० लुमेनचा दिवा सुमारे तासभर आणि १५० लुमेनचा दिवा जवळपास तीन तास चालेल. खोक्यावर असे साधे आकडे दिसले तर ते छापणाऱ्याने निदान मोजमाप केले आहे, असे मानायला जागा आहे.

आता आपल्याला उजेड किती हवा, हा प्रश्न. येथे दोन गरजा वेगळ्या कराव्या लागतात. रस्त्यावर पथदिवे असतील, तर पुढच्या दिव्याचे काम इतरांना आपण दिसावे एवढेच असते, आणि त्यासाठी ५० ते १०० लुमेन पुरेसे ठरतात. पहाटे पेपर टाकणारी मुले, औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी संपवून घरी निघालेले कामगार, गावातून फाट्यापर्यंत अंधाऱ्या रस्त्याने येणारे विद्यार्थी यांची गरज याहून मोठी आहे, कारण त्यांना रस्ता स्वतः पाहायचा असतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जाते. खड्डा दिसल्यावर ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला आणि नंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर नेहमीसारखा ब्रेक लागला, तरी थांबेपर्यंत अकरा-बारा मीटर लागतात. वेग ताशी ३० असेल तर हेच अंतर २० मीटरपर्यंत जाते, आणि रस्ता ओला असेल तर त्याहून पुढे. थोडक्यात, जेवढ्या अंतरात थांबता येईल त्याच्या पलीकडेपर्यंत दिसले पाहिजे. शांत वेगाने रोज कामावर जाणाऱ्यासाठी २०० ते ३०० लुमेनचा चांगला झोत हे काम करतो. घाटातून उतरणाऱ्याला किंवा २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला) निघालेल्याला ४०० ते ६०० लुमेन आणि सोबत राखीव दिवा लागतो. त्यापलीकडचे आकडे रोजच्या सायकलस्वाराला विनाकारण महाग पडतात.

लुमेनपेक्षाही महत्त्वाचा असतो झोताचा आकार, आणि स्वस्त दिव्यांत नेमकी तिथेच कसर असते. लुमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. रस्त्यावर प्रत्यक्ष किती प्रकाश पडतो ते लक्समध्ये मोजतात. गोल भिंग लावलेला विजेरीसारखा दिवा अर्धा प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत टाकतो. जर्मनीत सायकलच्या पुढच्या दिव्याने १० मीटरवर किमान १० लक्स प्रकाश दिला पाहिजे आणि ठरावीक रेषेच्या वर तो जवळजवळ जाता कामा नये, असा नियम आहे, त्यामुळे तिथले दिवे मोटारीच्या दिव्यांसारखे वरून कापलेल्या झोताचे असतात. आपल्याकडे असा दिवा मिळाला तर लुमेन थोडे कमी असले तरी तो घ्यावा. दुकानात तपासण्याची रीत सोपी आहे: दिवा भिंतीपासून दोन-तीन पावलांवर आडवा धरावा आणि पाहावे. मध्ये एक झगझगीत ठिपका आणि भोवती काळोख, किंवा भिंतभर पसरलेला सारखा फिकट उजेड, हे दोन्ही निरुपयोगी. खाली रुंद पसरणारा आणि वरच्या बाजूला स्पष्ट संपणारा आडवा पट्टा दिसला तर तो दिवा रस्त्यासाठी बनवलेला आहे. गोल झोताचाच दिवा घ्यावा लागला, तर तो हँडलवर असा झुकवावा की झोताचा मधला भाग आठ-दहा मीटर पुढे रस्त्यावर टेकेल. समोरून येणारा दुचाकीस्वार आपल्या उजेडाने आंधळा झाला तर धोका आपल्यालाच असतो.

मागच्या लाल दिव्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही, पण पैसे कमी असतील तर आधी तो घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. मागून येणारा वाहनचालक आपल्याला दिसत नाही, त्यामुळे त्याला आपण दिसणे हाच एकमेव बचाव उरतो. वीस-तीस लुमेन रात्रीसाठी पुरतात. लुकलुकणारा दिवा लक्ष पटकन वेधतो, पण अंधारात त्यावरून अंतराचा अंदाज घेणे अवघड जाते, म्हणून रात्री तो स्थिर ठेवावा आणि लुकलुकता प्रकार दिवसा किंवा धो-धो पावसात वापरावा. कॅरिअरवरची पिशवी, डबा किंवा रेनकोटचा घोळ दिव्यावर येत नाही ना, हे सायकलपासून वीस पावले मागे उभे राहून एकदा पाहून घ्यावे. मडगार्डवरचा लाल परावर्तक आणि पेडलवरचे पिवळे परावर्तक काढून टाकू नयेत. त्यांना बॅटरी लागत नाही, आणि वरखाली होणारे पेडल हे सायकलचे लक्षण दुरूनही ओळखू येते.

आता सेलकडे येऊ. लिथियम-आयन सेल बाजारात आला तो १९९१ मध्ये, आणि त्यामागच्या संशोधनाला २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याची रचना सुरळीच्या वडीसारखी असते. तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा असे दोन पातळ पत्रे, त्यांवर लेप दिलेली रसायने आणि मध्ये प्लॅस्टिकची अतिशय तलम चाळणी, अशी ही चवड गुंडाळून डबीत बसवलेली असते आणि तिच्यात एक ज्वलनशील द्रव भरलेला असतो. ही चाळणी माणसाच्या केसापेक्षाही पातळ असते. ती शाबूत आहे तोवर दोन्ही बाजू एकमेकींपासून दूर राहतात. ती फाटली, दबली, किंवा बनवतानाच आत राहिलेल्या धातूच्या कणाने तिला भोक पडले, की आतल्या आत शॉर्ट सर्किट होते आणि तेवढी जागा तापते. साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास रसायने स्वतःच उष्णता सोडू लागतात, १३० अंशांच्या सुमारास चाळणी वितळते, आणि पुढे एका बाजूच्या रसायनातून ऑक्सिजन सुटू लागतो. येथून प्रक्रिया स्वतःलाच पेटवत जाते आणि बाहेरून वीज बंद केली तरी थांबत नाही. नामांकित कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत: २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ हा फोन अशाच बॅटरीदोषांमुळे जगभरातून परत घ्यावा लागला होता. तिथे दोष सापडला, फोन परत घेतले गेले, पैसे मिळाले. नावगाव नसलेल्या दिव्याच्या बाबतीत यातले काहीच घडत नाही, आणि स्वस्त मालातला खरा फरक हाच आहे.

सेलचे मोठे शत्रू दोन: वाजवीपेक्षा जास्त चार्जिंग आणि वाजवीपेक्षा जास्त उपसा. पूर्ण भरलेल्या सेलचे व्होल्टेज ४.२ असते. त्यावर चार्जिंग चालू राहिले तर आत धातुरूप लिथियम साठू लागते. उलट सेल अडीच व्होल्टच्या खाली उतरून तसाच पडून राहिला तर आतले तांबे विरघळू लागते आणि पुढच्या चार्जिंगच्या वेळी तेच शॉर्टचे कारण ठरू शकते. हे टाळण्यासाठी सेलसोबत एक छोटे संरक्षक सर्किट असते. ते काही रुपयांचे असते, आणि नेमके तेच वगळून दिवा आणखी स्वस्त करण्याचा मोह बनवणाऱ्याला होतो. ते आत आहे की नाही, हे ग्राहकाला बाहेरून दिसत नाही. म्हणूनच ज्याच्यात दोष राहिला तरी फारसे बिघडत नाही, असा दिवा निवडणे हा कमी पैशांतला सर्वांत शहाणा मार्ग आहे.

तो मार्ग म्हणजे पेन्सिल सेलवर चालणारा दिवा. पुन्हा पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे पेन्सिल सेल १.२ व्होल्टचे असतात आणि त्यांच्यातला द्रव पाण्यात बनवलेला असल्यामुळे तो पेट घेत नाही. २००० एमएएचचे दोन सेल मिळून ४.८ वॉट-तास ऊर्जा देतात, म्हणजे वर पाहिलेल्या १२०० एमएएचच्या लिथियम सेलपेक्षा किंचित जास्तच. वजन थोडे वाढते आणि उजेड दीड-दोनशे लुमेनच्या पुढे नेता येत नाही, पण शहरातल्या किंवा गावातल्या रोजच्या फेरीला तो पुरतो. सेल संपले तर कोणत्याही टपरीवर साधे पेन्सिल सेल घेऊन पुढे जाता येते, आणि दिवा जुना झाला तरी सेल बदलून तो वर्षानुवर्षे चालतो. मागच्या दिव्यासाठी तर रिमोटमधल्या बारीक पेन्सिल सेलवर चालणारा दिवा मला सर्वांत उत्तम वाटतो. एवढेच की साधे अल्कलाइन सेल पावसाळ्यानंतर दिव्यात तसेच विसरू नयेत. ते गळतात आणि आतल्या पट्ट्या खातात.

उजेड जास्त हवा असेल तर लिथियमला पर्याय नाही, आणि नीट निवडला तर तो सुरक्षितही आहे. यात सर्वाधिक आढळणारा सेल १८६५० या नावाचा: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. या मापातल्या उत्तमोत्तम सेलची क्षमताही सहसा ३५०० ते ३६०० आणि फार तर ४००० एमएएचच्या आसपास थांबते. त्यामुळे वेष्टनावर ५०००, ६८०० किंवा ९९०० एमएएच छापलेले दिसले, तर ती क्षमता खोटी आहे हे तिथल्या तिथे सिद्ध होते. अशा वेष्टनाखाली बऱ्याचदा जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, थकलेले सेल असतात. दुसरी परीक्षा वजनाची. चांगल्या १८६५० चे वजन साधारण ४५ ते ४९ ग्रॅम भरते. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तो तीस-पस्तीस ग्रॅमच भरला तर आत पुरेसा माल नाही. भारतात लिथियम सेल आणि बॅटरीसाठी आयएस १६०४६ हे मानक असून त्याखाली नोंदणी सक्तीची आहे. नोंदलेल्या मालावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि आर या अक्षरापुढे आठ आकड्यांचा क्रमांक असतो, आणि तो ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकला की उत्पादकाचे नाव दिसते. हे नाव आणि खोक्यावरचे नाव जुळत नसेल तर विक्रेत्याला कारण विचारावे. दिव्याच्या आत बसवलेला सेल बघता येत नाही हे खरे आहे, पण खोक्यावर उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पूर्ण पत्ता, व्होल्टेज, क्षमता आणि हमीची मुदत यांतले काहीच नसेल, तर तो दिवा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, असेच मी सांगेन.

एका प्रकाराबद्दल मात्र स्पष्ट नकार द्यावा लागतो. वेगळा बॅटरी पॅक, त्यातून आलेली वायर आणि भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावायचा चार्जर, अशा स्वरूपात मिळणारे झगझगीत दिवे स्वस्त असतात, पण त्यांचे पॅक बहुधा प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेले दोन किंवा चार सेल असतात, आणि चार्जर ८.४ व्होल्टचा असतो. त्याची गोल पिन घरातल्या वायफाय राउटरच्या १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरसारखीच असू शकते. घाईत कोणी चुकीचा ॲडॉप्टर जोडला आणि पॅकमध्ये संरक्षक सर्किट नसले, तर पुढे काय होईल ते वर सांगितलेच आहे. यूएसबीवर चार्ज होणाऱ्या दिव्यात निदान हा गोंधळ होत नाही. त्यातही एक खुबी ध्यानात ठेवावी: काही स्वस्त दिव्यांना टाइप-सी सॉकेट असते, पण त्यामागचे दोन छोटे रोधक (रेझिस्टर) बसवलेलेच नसतात, त्यामुळे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने ते चार्जच होत नाहीत. दिवा बिघडला असे समजून तो उघडायला जाऊ नये. जुन्या रुंद यूएसबी टोकाची केबल वापरली की चार्जिंग सुरू होते.

चार्जिंग कुठे आणि केव्हा करावे, यात आपल्या हवामानाचा विचार आलाच पाहिजे. बहुतेक लिथियम सेलसाठी उत्पादक चार्जिंगची मर्यादा ४५ अंश सांगतात. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला किंवा नागपूरला सावलीतले तापमानच तिथवर जाते, आणि पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात उभ्या असलेल्या सायकलवरचा काळा दिवा त्याहून कितीतरी तापतो. उन्हातून आल्याबरोबर दिवा चार्जिंगला लावू नये. तो हाताला गार लागेपर्यंत थांबावे. चार्जिंग करताना तो गादीवर, उशीखाली, वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यावर किंवा दाराच्या वाटेत ठेवू नये. फरशीवर किंवा ओट्यावर, आसपास पेटण्यासारखे काही नसलेल्या ठिकाणी, घरात कोणी जागे असताना तो लावावा. रात्रभर चार्जिंगला लावून झोपण्याची सवय स्वस्त दिव्यांच्या बाबतीत सोडणेच इष्ट. पावसाळ्यात भिजून आलेल्या दिव्याच्या सॉकेटवरचे रबरी झाकण उघडून तो आधी पूर्ण वाळू द्यावा, कारण ओल्या सॉकेटमध्ये वीज गेली की पिना गंजतात. आयपीएक्स४ असे लिहिले असेल तर दिवा सर्व बाजूंनी उडणारे पाणी सोसतो, आणि आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकतो. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसासाठी आयपीएक्स४ ही किमान अट समजावी, आणि ते झाकण नीट दाबलेले असेल तरच या आकड्यांना अर्थ उरतो. दिवा काही महिने वापरायचा नसेल तर तो अर्धा भरून गार जागी ठेवावा आणि दर तीन महिन्यांनी थोडा चार्ज करावा.

हे सगळे वाचून कोणाला जुन्या डायनॅमोची आठवण होईल, आणि ती रास्त आहे. टायरवर घासून फिरणारा तो बाटलीसारखा डायनॅमो ६ व्होल्ट, ३ वॉटचा असे, आणि आजच्या एलईडीसोबत तेवढ्या विजेत पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त उजेड मिळू शकतो. सायकल थांबली की दिवा विझतो आणि ओल्या टायरवर तो घसरतो, या दोन अडचणी सोडल्या तर बॅटरीची चिंता ज्यात मुळीच नाही असा दिवा आजही तोच आहे.

दिवा चार्जिंगला असताना फुगू लागला, गोडसर रसायनाचा वास आला, फुसफुस आवाज आला किंवा हात लावता येणार नाही इतका तापला, तर तो हातात घेऊन न्याहाळत बसू नये. आधी भिंतीवरचे बटण बंद करावे, माणसांना खोलीबाहेर काढावे आणि खिडक्या उघडाव्यात, कारण बाहेर पडणारा धूर विषारी असतो. वीज बंद केल्यावर एवढ्या लहान सेलवर भरपूर पाणी ओतणे योग्य आहे. पाण्याने तो थंड होतो आणि आग पुढे पसरत नाही. ओले फडके टाकून किंवा माती घालून ज्वाळा दबल्यासारखी वाटली, तरी आतली उष्णता कायम राहते आणि सेल पुन्हा पेटू शकतो. आग आटोक्यात येत नसेल तर १०१ किंवा ११२ वर लगेच फोन करावा.

लहान मुले असलेल्या घरांसाठी एक वेगळा धोका सांगितला पाहिजे. सिलिकॉनच्या पट्ट्याने हँडलला बांधायचे छोटे, अतिशय स्वस्त दिवे बहुधा २० मिलिमीटर व्यासाच्या बटन सेलवर चालतात. हा सेल पेट घेण्याची भीती फारशी नसते, पण मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर त्याच्या विद्युतप्रवाहाने दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजू शकते. स्क्रूने बंद न होणाऱ्या झाकणाचा असा दिवा मुलांच्या हाती देऊ नये. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये आणि वाट न पाहता एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

फुगलेला किंवा निकामी झालेला सेल घंटागाडीत टाकू नये, कारण कचरा दाबणाऱ्या गाडीत तो चेपला की तिथेच पेटू शकतो आणि त्याचा धोका सफाई कामगारांना पोहोचतो. त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी, तो पत्र्याच्या डब्यात थोड्या कोरड्या वाळूत ठेवावा आणि जवळच्या ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे नवा दिवा घेताना जुना सेल परत घेणार का, हे दुकानदाराला विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.